माश्या उठण्याआधी पेटी काय सांगते: सातेरी पाळणाऱ्यांसाठी

जांभूळ फुलायला आठ-दहा दिवस उरलेत, पेटी माश्यांनी ठासून भरलीय, वर मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवायची तयारी झालीय आणि एका सकाळी बघावं तर निम्म्या माश्या गायब. सातेरी मधमाश्या पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे एकदा तरी येतं. आपण म्हणतो, "पेटी उडाली." जणू वारा आला आणि डोक्यावरची टोपी गेली. माझी पहिली पेटी गेली तेव्हा मीही शेजाऱ्याला हेच सांगितलं होतं. मग पेटी उघडली. पोळ्यांच्या खालच्या कडेला सात राणीकोश, म्हणजे नवी राणी वाढवायची मेणाची घरं, लोंबत होते, त्यातले दोन बंद. राणीकोश बंद होतो तो अंडं घातल्यापासून आठव्या दिवशी. म्हणजे किमान आठ दिवस माश्यांची बांधाबांध उघड चालली होती, आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन समोर उभा राहून "काय रेलचेल आहे!" म्हणत होतो.

तेव्हापासून मी राणीकोश नुसते मोजत नाही, त्यांचं वय बघतो. वय कळलं की किती दिवस हातात आहेत ते कळतं. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. तो सातेरीबद्दल आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, वारुळात समांतर पोळी बांधणारी आणि पेटीत नांदणारी माशी. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी, पाळणाऱ्यांनाही बराचसा भाग चालेल, मात्र तारखा एखाद-दुसऱ्या दिवसाने मागेपुढे धराव्यात. आग्या आणि फुलोरी या माश्या पेटीत नांदत नाहीत, त्यांचा इथे विचार नाही.

आधी हे ठरवा: कूच की पळ?

"पेटी उडाली" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि दोन्हींवरचा उपाय उलटा आहे.

एक म्हणजे कूच. वसाहत भरभराटीला आलेली असते. जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन नवं घर करायला निघते आणि मागे राणीकोश, पिल्लं, मध आणि उरलेल्या माश्या ठेवून जाते. घरातल्या थोरल्या बाईने भरला संसार लेकीच्या हाती देऊन बाहेर पडावं, तसं. एका वसाहतीच्या दोन वसाहती होतात. माश्यांच्या दृष्टीने हीच खरी वीण.

दुसरी म्हणजे पळ. सगळीच वसाहत राणीसकट घर सोडते. त्यामागे उपासमार असते, नाहीतर मुंग्या, मेणकिडा, उन्हाचा तडाखा, पावसाची गळती किंवा पुन्हा पुन्हा पेटी उघडणारा हौशी मालक. सातेरीला हा गुण मेलिफेरापेक्षा जास्त आहे. पळ काढणाऱ्या पेटीत राणीकोश नसतात. पिल्लं दिवसेंदिवस कमी होत जातात, कारण राणी अंडी घालणं थांबवते आणि आहेत ती पिल्लं बाहेर पडेपर्यंत माश्या वाट पाहतात. साठवलेला मध संपत येतो. दारावरची वर्दळ रोडावते. अशा पेटीला जागा वाढवून दिली तर तिचं दुखणं वाढतं. तिला साखरपाणी हवं, सावली हवी, मुंग्या अडवायला पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यात.

थोडक्यात, भरलेली पेटी आणि राणीकोश दिसले तर कूच. रोडावलेली पेटी आणि कोश नाहीत तर पळ. पुढचं सगळं कुचाबद्दल.

गर्दी एकटी दोषी नाही

लोक म्हणतात जागा कमी पडली की माश्या जातात. खरं आहे, पण अर्धं. राणीच्या अंगाचा एक गंध असतो. तिची सेवा करणाऱ्या माश्या तो अंगाला लावून घेऊन पेटीभर फिरवतात. हा गंध सगळ्यांपर्यंत पोचतो तोवर कामकरी माश्या नवी राणी वाढवायच्या फंदात पडत नाहीत. माश्या वाढल्या, पोळी गच्च भरली, राणीचं वय झालं की प्रत्येकीच्या वाट्याला येणारा गंध पातळ होतो. त्यात बाहेर फुलोरा चढलेला असतो आणि येणारा मकरंद ठेवायला जागा नसते. मग माश्या तो पिल्लांच्या रिकाम्या होणाऱ्या घरांतच ओततात. राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. लहान पिल्लं कमी झाली की त्यांना भरवणाऱ्या तरुण माश्यांना काम उरत नाही. बेकार तरुणांची फौज घरात बसली की काय होतं ते माणसांतही आपण पाहतोच.

म्हणून वर नुसती मधकोठी चढवून कूच थांबत नाही. खाली पिल्लांच्या कप्प्यात राणीला मोकळी घरं आहेत का, हा खरा प्रश्न असतो.

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात वसाहती खचतात, पावसानंतरच्या फुलोऱ्यावर सावरतात आणि थंडी ओसरली की झपाट्याने वाढतात. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या मोठ्या हंगामाच्या तोंडावरच वसाहतीला पंख फुटतात. ज्या पेटीकडून वर्षाला पाच ते दहा किलो मध मिळायचा, ती नेमकी कापणीच्या आधी निम्मी होते. थंडी सरली की मी वही काढून ठेवतो. तुमच्या गावचा फुलोरा वेगळा असेल तर तुमचं पंचांग तुम्हीच लिहायचं.

तारखांचं गणित

ही आकडेमोड पाठ करा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कोणतंही अंडं तीन दिवसांत फुटतं. पहिल्या दिवशी ते घराच्या तळाशी उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. राणीची अळी त्यानंतर साधारण पाच दिवस राजान्नात, म्हणजे माश्या राणीसाठी बनवतात त्या खास अन्नात, लोळते. आठव्या दिवशी कोशाचं तोंड मेणाने बंद होतं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. कामकरी माशीला एकोणीस-वीस दिवस लागतात, नराला सुमारे चोवीस.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: कूच बहुधा पहिला राणीकोश बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत होतं. उघडीप असेल तर त्याच दिवशी. ढगाळ किंवा गार हवा असेल तर माश्या थांबतात. म्हणजे कोशात अंडं दिसलं तर तुमच्या हातात पाच-सहा दिवस आहेत. पांढऱ्या राजान्नात पोहणारी मोठी अळी दिसली तर दोन-तीन. बंद कोश दिसला तर आजच हात घाला.

दुसरी: हंगामात तपासणी दर सात दिवसांनी हवी. पंधरा दिवसांनी बघणाऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये अंडं घालण्यापासून राणी बाहेर येण्यापर्यंतचा सगळा कारभार उरकू शकतो.

नरांचं गणित तर आणखी आधीपासून चालू होतं. चोवीस दिवसांनी बाहेर आलेला नर वयात यायला आणखी आठ-दहा दिवस घेतो. नव्या राणीला नर हवेत, म्हणून वसाहत नरांची घरं आधी भरते आणि राणीकोशाला मागाहून हात घालते. नरांची पिल्लं वाढू लागली की समजावं, चार-पाच आठवड्यांत काहीतरी होऊ शकतं. होईलच असं नाही. सशक्त वसाहत हंगामात नर वाढवतेच. पण नर नसताना नैसर्गिक कूच सहसा होत नाही.

पहिली पायरी: दहा मिनिटं पेटीसमोर बसा

पेटी उघडण्याआधी बाहेरून बघा. दारासमोर नको, बाजूला बसा, म्हणजे माश्यांच्या वाटेत येणार नाही.

सगळ्यात सोपी खूण तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर असते, आणि ती सातेरीचीच खासियत आहे. सातेरीच्या नराचं घर बंद झालं की त्यावर कडक, निमुळती टोपी दिसते आणि टोपीच्या मधोमध सुईने टोचावं तसं एक भोक असतं. नर बाहेर पडायच्या सुमारास या टोप्या गळतात. तळपाट ओढून बघा किंवा पेटीखालच्या जमिनीवर नजर टाका. मधोमध भोक असलेल्या बारीक तपकिरी वाट्या पडलेल्या दिसल्या तर नरांची पहिली खेप तयार झाली. पेटी न उघडता मिळणारी याहून पक्की बातमी मला ठाऊक नाही.

मग दुपारची उडाण बघा. नर काळपट, जाडजूड, मोठ्या डोळ्यांचे असतात आणि त्यांचा आवाज भसाडा. दुपार कलली की ते मोठ्या संख्येने बाहेर पडतात.

तिसरी खूण दाराबाहेर लोंबणाऱ्या माश्यांची, म्हणजे दाढीची. इथे नवखे हमखास फसतात. उकाड्यात कोणतीही भरलेली वसाहत संध्याकाळी दाढी सोडते. आत हवा खेळावी म्हणून माश्या बाहेर येऊन बसतात, एवढंच. दाढी बघायची ती सकाळी नऊ-दहाला. हवा गार आहे, शेजारच्या पेट्यांच्या माश्या कामाला गेल्यात आणि या पेटीच्या अजून दारावर गप्पा मारत बसल्यात, तर शंका घ्या. अशा पेटीत पायांवर पराग घेऊन येणाऱ्या माश्याही कमी झालेल्या दिसतात. आत भरवायला लहान पिल्लंच कमी असतील तर पराग आणायचा कोणासाठी?

एक खूण पेटीपासून लांब मिळते. परसात रिकामी पेटी, जुना माठ, भिंतीतली फट असेल तिथे चार-सहा माश्या आतबाहेर करताना, कोपरे हुंगताना दिसतात का बघा. त्या मध शोधत नसतात, घर बघत असतात. जवळपासची कुठलीतरी वसाहत निघायच्या बेतात आहे, तुमची नाहीतर शेजाऱ्याची. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अशा घरोघरी पेट्या असणाऱ्या ठिकाणी तर हंगामात एक स्वच्छ रिकामी पेटी टांगून ठेवणं म्हणजे फुकटचा टेहळ्या नेमणं. आत जुन्या पोळ्याचा तुकडा चिकटवला की त्याच्या वासाने माश्या लवकर येतात.

दुसरी पायरी: उघडून कुठे बघायचं

ऊन आलेलं, वारा पडलेला, सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी. धूर अगदी हलका द्या. सातेरीला जास्त धूर दिला की ती पोळी सोडून कोपऱ्यात पळते, राणी त्या गर्दीत हरवते आणि तपासणी फुकट जाते. बुरखा हवाच. कितीही वर्षं झाली तरी हवाच.

सुरुवात कडेच्या चौकटीपासून, म्हणजे पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटीपासून करा. ती काढून बाजूला ठेवली की बाकीच्या सरकवायला जागा होते. प्रत्येक चौकट उचलली की आधी मधोमध बघू नका. आधी खालची कड, मग दोन्ही बाजू. कुचाचे कोश तिथेच असतात, कडेला, शेंगदाण्याची शेंग उलटी टांगावी तसे. चौकटीवर माश्यांचा थर असेल तर कोश झाकला जातो, म्हणून कडेवर हलकी फुंकर मारा किंवा मऊ ब्रशने माश्या बाजूला करा. चौकट झटकू मात्र नका. झटक्याने कोशातली कोवळी राणी तळातून निखळते आणि पंखाने पांगळी निपजते.

कडेला छोट्या गोल वाट्या दिसतील, यांचेच पुढे राणीकोश होऊ शकतात. नुसत्या वाट्यांनी घाबरायचं कारण नाही. बऱ्याच वसाहती त्या बांधून ठेवतात आणि वापरतही नाहीत. सूर्य पाठीमागे घेऊन वाटीत डोकवा. कोरडी आणि मळकट असेल तर पुढे चला. आतून चकचकीत केलेली आणि काठ नव्या मेणाचे असतील तर सावध. आत अंडं असेल तर वहीत आजची तारीख, पेटीचा नंबर आणि अंडं उभं की आडवं तेही लिहा.

त्यानंतर तीन गोष्टी बघा. पिल्लांच्या मधल्या घरांत मकरंद चमकतोय का? मध गोलाकार कमानीत वरच्या बाजूला असायला हवा. तो पिल्लांच्या मधोमध ठिपक्यांसारखा शिरला असेल तर राणीची जागा गेली. ताजी अंडी किती आहेत? बंद पिल्लं भरपूर, अळ्या थोड्या आणि अंडी जवळजवळ नाहीत, असा उतरता क्रम दिसला तर राणीने हात आखडता घेतलाय. आणि राणी दिसलीच तर तिचं पोट बघा. एरवी लांब, भरलेलं असतं. निघायच्या आधीच्या दिवसांत कामकरी माश्या तिला कमी भरवतात, सारख्या हुसकावतात, अंग थरथरवून धक्के देतात. अंडी घालणं कमी होतं, पोट आटतं. अंड्यांनी जड झालेली राणी लांब उडू शकत नाही, म्हणून हा उपास.

तिसरी पायरी: कोश वाचा

राणीकोश दिसला म्हणजे कूच, असा निष्कर्ष काढून कोश खुडत सुटणारे लोक वसाहती मारतात. कोश तीन कारणांनी होतात.

कुचाचे कोश बहुधा पोळ्याच्या कडेला, अनेक, आणि वेगवेगळ्या वयाचे असतात. एकात अंडं, एकात अळी, एक बंद. वसाहत भरलेली असते.

राणी बदलायचे कोश एक, दोन, फार तर तीन. पोळ्याच्या मधल्या भागात, साधारण एकाच वयाचे. वसाहत मध्यम असते, जुनी राणी थकलेली किंवा अंडी विखुरलेली. इथे हात लावू नका. माश्या तुमचंच काम करतायत. असे कोश तोडणारा माणूस म्हाताऱ्या राणीला पुन्हा खुर्चीवर बसवतो आणि दोन महिन्यांनी पेटी रडते.

तिसरे आणीबाणीचे. राणी अचानक मेली, तपासणीत चिरडली गेली, तर माश्या साध्या घरातल्या कोवळ्या अळीलाच राजान्न देऊन घर खाली वळवतात. हे कोश पोळ्याच्या सपाट भागातून उगवल्यासारखे दिसतात. अंडी कुठेच नसतात, कारण घालणारीच नाही.

बंद कोशाचंही वय कळतं. नुकता बंद झालेला कोश टोकापर्यंत मेणाने लिंपलेला असतो. राणी बाहेर यायला दोन-तीन दिवस उरले की माश्या टोकाचं मेण कुरतडतात आणि आतली तपकिरी, कागदासारखी साल उघडी पडते. असा तपकिरी टोकाचा कोश दिसला आणि पेटीत माश्या विरळ असतील, अंडी नसतील, तर स्वतःशी मान्य करा: थवा आधीच गेलाय. आता सगळे कोश तोडलेत तर वसाहत कायमची अनाथ होईल.

शेवटचा तास

हा भाग कामाचा कमी आणि डोळ्यांना मेजवानीचा जास्त आहे.

निघायच्या आधी माश्या पोटं मधाने तट्ट भरून घेतात. म्हणूनच थव्यातली माशी सहसा चावायला धावत नाही. पोट भरलेलं आणि राखायला घर नाही. पेटी त्या सकाळी विचित्र शांत असते. मग घर शोधून आलेल्या अनुभवी माश्या गर्दीत घुसून पंख थरथरवत वेड्यावाकड्या धावू लागतात, इतरांना धडका देतात. पेटीला कान लावला तर बारीक, चढत जाणारा सूर ऐकू येतो. अंग तापवा, निघायचंय, असा तो इशारा. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी युरोपीय माशीवर हा सगळा क्रम वर्षानुवर्षं अभ्यासला. आणि मग दहा-पंधरा मिनिटांत दारातून माश्यांचा लोंढा वाहतो, सांडल्यासारखा. आकाशात गरगर, मोठा घुमणारा आवाज, आणि जवळच्या आंब्याच्या, फणसाच्या फांदीवर हळूहळू लोंबणारा घोस.

त्या घोसावर घर शोधणाऱ्या माश्या नाच करून आपापल्या जागेची शिफारस करतात. जर्मनीत मार्टिन लिंडाउअर यांच्या हे लक्षात आलं ते नाचणाऱ्या माश्या मळलेल्या होत्या म्हणून. परागाऐवजी त्यांच्या अंगाला काजळी आणि विटांची धूळ होती. त्या फुलांवरून नव्हे, धुराडी आणि भिंतींमधल्या बिळांतून येत होत्या. आपल्याकडे घोसावरची एखादी माशी लाल मातीने माखलेली दिसली तर वारूळ बघून आली असं समजायला हरकत नाही.

घोस कधी अर्धा तास बसतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यावर भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी: अवस्थेप्रमाणे हात घाला

पोळ्याच्या कडेच्या वाट्या कोरड्या आहेत, नर आहेत, गर्दी आहे: इथे जागा देऊन निभावतं. पिल्लांच्या कप्प्यातली मधाने भरलेली कडेची चौकट काढा आणि तिथे मेणपत्रा (पोळं बांधायला आधार देणारा मेणाचा पातळ पत्रा) लावलेली चौकट द्या. ती पिल्लांच्या मधोमध खुपसू नका. गार रात्री पिल्लं दुभंगतात आणि थंडीने मरतात. पिल्लांच्या शेजारी, एका बाजूला द्या. वर मधकोठी चढवा, पेटी सावलीत घ्या, दार मोठं करा. तरुण माश्यांना मेण गाळायचं काम मिळालं की घर जरा शांत होतं.

कोशात अंडी किंवा लहान अळ्या आहेत: नुसते कोश खुडून भागेल असं वाटतं. भागत नाही. माश्या पुन्हा बांधतात, आठवड्याला एकेक पेटी उलथीपालथी करत तुम्ही थकता आणि एक चुकलेला कोश सगळं मातीत घालतो. माझं मत सरळ आहे. माश्यांना दोन घरं करायचीच आहेत तर ती आपल्या हाताने करून द्यावीत.

कृत्रिम विभाजन असं करा. नवी पेटी आधीच मांडून ठेवा, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या भरून. जुन्या पेटीत राणी शोधा. ती ज्या चौकटीवर असेल ती चौकट राणीसकट उचलून नव्या पेटीत ठेवा. त्या चौकटीवर राणीकोश असतील तर ते सगळे काढा, एकही सोडू नका. सोबत बंद पिल्लांच्या दोन चौकटी, मध-परागाची एक, आणि आणखी दोन चौकटींवरच्या माश्या ब्रशने नव्या पेटीत उतरवा. त्या चौकटींवरही कोश नकोत. जास्तीच्या माश्या का? कारण नव्या पेटीतल्या वयस्कर माश्या चारा आणायला जातील आणि जुन्या जागी परततील. तरुण माश्याच राणीपाशी थांबतात. दार एका माशीपुरतं लहान करा. संध्याकाळी आत एकास एक साखरपाणी ठेवा. दिवसा नको, बाहेर सांडायला नको, नाहीतर शेजारच्या माश्या लुटायला येतात.

जुन्या जागच्या पेटीत आता राणी नाही, कोश आहेत. सरळ, मोठा, पृष्ठभागावर खळगे-खळगे असलेला एक कोश ठेवा, बाकीचे काढा. काही मधपाळ खबरदारी म्हणून दोन ठेवतात. सातेरीच्या बाबतीत मला ते पटत नाही. दोन कोश म्हणजे कोवळ्या राणीसोबत आणखी एक थवा निघायची सोय. दुसरा चांगला कोश वाया घालवायचा नसेल तर तीन चौकटींची छोटी पेटी करून तिला द्या. ठेवलेला कोश उघडा होता की बंद, आणि टोक कसं होतं, ते वहीत लिहा.

बंद कोश आहे आणि राणी अजून पेटीत आहे: विभाजन तेच, पण आजच. उद्या सकाळवर टाकू नका.

गेलीच तर

घोस हाताच्या उंचीवर असेल तर पाण्याचा बारीक फवारा मारा. माश्या ओल्या झाल्या की घट्ट बसतात. बांबूची टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका खाली धरा, फांदीला एकच जोरदार झटका द्या, टोपली उलटी करून एक कड दगडावर टेकवा. राणी आत असेल तर तासाभरात बाकीच्या आपण होऊन आत जातात, काही दारात शेपटी वर करून गंध पसरवत इतरांना बोलावतात. राणी बाहेर राहिली तर सगळ्या परत फांदीवर. मग पुन्हा. उंच फांदीवर चढून थवा उतरवण्याइतकी हाडं स्वस्त नाहीत, तो थवा जाऊ द्या.

थवा संध्याकाळी पेटीत घाला. दुसऱ्या वसाहतीतली लहान अळ्यांची एक चौकट मधोमध द्या. सातेरी रिकाम्या घरात रमत नाही, पण पिल्लं सोडून जायला कचरते. दाराला चार-पाच दिवस राणी अडवणी (राणीला बाहेर जाऊ न देणारी जाळी) लावा, साखरपाणी द्या, आणि पहिल्या आठवड्यात झाकण उचलून "बसल्या का" हे बघायचा मोह आवरा. मात्र थवा दुय्यम असेल, म्हणजे त्यात कोवळी राणी असेल, तर अडवणी लावू नका. तिला मीलनासाठी बाहेर जायचं असतं.

दुय्यम थवा ओळखायचा कसा? आकाराने लहान असतो आणि पहिल्या कुचानंतर साधारण आठवड्याने निघतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी मूळ पेटीला कान लावा. आधी बाहेर आलेली राणी पिपाणीसारखा लांब सूर काढते, आणि कोशात अडकलेल्या बहिणी आतून तुटक, दबलेलं उत्तर देतात. ही जुगलबंदी ऐकू आली तर उद्या उजाडताच पेटी उघडा, एक राणी ठेवा आणि उरलेले कोश काढा.

नंतरचे एकवीस दिवस

विभाजन किंवा कूच झाल्यावर राणीविना राहिलेल्या पेटीची तारीख वहीत ठळक लिहा. बंद कोश ठेवला असेल तर आठवड्याभरात राणी बाहेर येते. आठव्या-नवव्या दिवशी एकदाच, पटकन बघा. कोशाचं टोक झाकणासारखं गोल कापून उघडलेलं असेल तर राणी आली. बाजूने फाडलेला असेल तर ती आतच मारली गेली.

त्यानंतर हात लावू नका. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत ती दुपारनंतर मीलनाला बाहेर पडते आणि परत येताना घर ओळखून यावं लागतं. या काळात पेटी हलवू नका, रंगवू नका, शेजारी नवी पेटी ठेवू नका, दुपारी तर अजिबात उघडू नका. मी एकदा याच आठवड्यात पेटीसमोरचं वाढलेलं गवत साफ केलं होतं. राणी आलीच नाही. गवतामुळेच असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तेव्हापासून विळा आधीच चालवतो.

एकविसाव्या दिवशी उघडा आणि अंडी शोधा. एका घरात एक, तळाच्या मधोमध अंडं असेल तर राणी लागली. अंडी नसतील तर आणखी चार दिवस थांबा. तरीही नसतील तर दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट द्या. तीन दिवसांत त्यावर राणीकोश सुरू झाले तर पेटी अनाथ आहे, आणि हेच कोश तिला वाचवतील. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असं दिसलं तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्यात. सातेरीत हे मेलिफेरापेक्षा लवकर होतं. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. अशी पेटी सांभाळत बसू नका. शेजारच्या राणीवाल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक थर ठेवा, दोन-चार बारीक भोकं पाडा आणि वर ही पेटी चढवा. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचे वास एक होतात. पाचव्या दिवशी वरची पोळी तपासून नरांनी फुगलेल्या चौकटी काढून टाका.